रेखाटलेल्या सृष्टीचे संगीत

संगीताविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्यातील बहुतेक लेखन गाण्याविषयी आहे. बंदिश, नाट्यपद, भावगीत, चित्रगीत यांची चर्चा आपण मोठ्या रसिकतेने करतो. चित्रपटात शब्दांवाचून संगीत वाजू लागले की मात्र त्याला आपण ‘पार्श्वसंगीत’ म्हणतो आणि त्या नावातच त्याची पायरी ठरवून टाकतो. आजच्या सुशिक्षित घरांतून वडीलधारी मंडळी आणि तरुण मुले यांच्यात जो एक नवा रुचिभेद दिसतो, त्याचे मूळ बऱ्याच अंशी येथेच आहे. तळेगावाहून पुण्यास जाणाऱ्या लोकलमध्ये कानांत यंत्रे घालून बसलेले आमचे विद्यार्थी पुष्कळदा जपानी ‘ॲनिमे’ चित्रपटांचे संगीत ऐकत असतात. जो हिसाइशी, केंजी कावाई, योको कान्नो ही नावे ते अशा सहजतेने घेतात की, मागील पिढीने घराण्यांतील गवयांची नावे तशीच घेतली असतील. यावर वडिलांचे म्हणणे असे की, हे संगीतच नव्हे. कार्टूनमागचा गलबला आहे. मुले म्हणतात, “एकदा ऐकून तर पाहा,” आणि यापुढे त्यांना काही सांगता येत नाही. एका पक्षास ऐकण्याची इच्छा नाही, दुसऱ्याजवळ सांगण्याची भाषा नाही. प्रस्तुत लेख या दोन्ही पक्षांसाठी आहे.

विचारास आरंभ आपल्याच एका चित्रपटापासून करता येईल. ‘प्रभात’चा ‘कुंकू’ १९३७ साली प्रदर्शित झाला. त्याचे संगीत केशवराव भोळे यांचे. भोळे हे संगीतकार तर होतेच, शिवाय मार्मिक संगीतसमीक्षकही होते. या चित्रपटात शांतारामबापू आणि भोळे यांनी एक धाडस केले: रूढ पार्श्वसंगीत टाकून देऊन प्रसंगातील स्वाभाविक आवाजांवरच त्यांनी भिस्त ठेवली. ही योजना यशस्वी झाली याचे कारण उघड आहे. कॅमेऱ्यापुढे खरे घर होते, खरी माणसे होती. वाद्यवृंद गप्प बसला तरी घर गप्प बसत नाही. जिन्यावर पाय वाजतो, भांडे पडते, बाहेर कोणी ओरडतो.

आता ज्या चित्रपटातील प्रत्येक पान, प्रत्येक पापणी हाताने काढलेली आहे त्याचा विचार करा. ही कला आपल्या भूमीस अगदीच परकी नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ करून निर्जीव काड्यांना नाचविले. ‘प्रभात’ने १९३४ साली ‘जंबूकाका’ हा छोटा कार्टूनपट काढला. रेखाटलेल्या घराला आवाज नसतो. त्यातील पावसाला थेंबांचा नाद नाही, मुलीला श्वास नाही. तेथे जे ऐकू येते ते सर्व कोणीतरी ठरवून घातलेले असते आणि म्हणूनच जे ऐकू येत नाही तेही कोणीतरी ठरविलेले असते. जिवंत नटाच्या चित्रपटात शांतता आपोआप मिळते. रेखाटलेल्या चित्रपटात ती रचावी लागते. अशा चित्रपटाचा संगीतकार पाहताना त्याने चाल किती गोड दिली, एवढेच विचारून भागत नाही. त्याने चित्राला श्वास दिला काय, आणि तो दिल्यावर थांबावे कोठे हे त्यास कळले काय, हे दोन प्रश्न विचारले पाहिजेत.

या कसोटीस उतरणारे एक काम मराठी संगीतकाराच्या हातून झाले आहे आणि ते आपण ऐकूनही ऐकले नाही. १९७४ साली विजया मुळे यांनी ‘एक, अनेक और एकता’ हा सात-आठ मिनिटांचा बोधपट केला. त्यातील चित्रे भीमसेन यांची, संगीत वसंत देसाई यांचे. ‘अमर भूपाळी’ आणि ‘श्यामची आई’ यांचे संगीतकार म्हणून देसायांचे नाव घरोघरी ठाऊक आहे. पण पुढे दूरदर्शनवर वारंवार दिसलेल्या या बालपटाशी ते नाव जोडणारे थोडे. पारध्याचे जाळे घेऊन उडणाऱ्या पक्ष्यांची जुनीच कथा यात आहे. धाकटा भाऊ थोरल्या बहिणीस प्रश्न विचारतो आणि ती उत्तर देते. उत्तर देता देता बोलणे केव्हा गाणे होते आणि गाणे केव्हा पुन्हा बोलणे होते, ते कळत नाही. आपल्या कीर्तनकारांस ही कला पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. साध्या रेषांच्या त्या मुलांना वजन येते ते या बोलण्याच्या लयीमुळे. १९७५ च्या डिसेंबरात देसायांचा अपघाती मृत्यू झाला. त्यांच्या अखेरच्या काळातील हे काम आकाराने लहान असले तरी मोलाने लहान नाही.

आपल्या आणि जपानी कलेची थेट गाठ पडली ती ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ या १९९२ च्या चित्रपटात. युगो साको, कोइची सासाकी आणि आपले राम मोहन यांनी त्याचे दिग्दर्शन केले. संगीत वनराज भाटिया यांचे होते. लंडनच्या रॉयल अकॅडमीत आणि पॅरिसमध्ये नादिया बुलांजे यांच्या हाताखाली शिकलेला हा मुंबईकर संगीतकार ‘अंकुर’, ‘भूमिका’, ‘तमस’ यांमुळे आपल्या परिचयाचा आहे. मूळ इंग्रजी आवृत्तीसाठी वसंत देव यांनी संस्कृतात गीते रचली. जपानी हातांनी काढलेल्या अयोध्येत इंग्रजी संवाद आणि संस्कृत गीते! असा त्रिवेणी संगम हास्यास्पद होण्याचा संभव होता. तो टळला याचे बरेचसे श्रेय संगीतास आहे. तथापि एक उणीव नमूद केली पाहिजे. येथे गीत पुष्कळदा कथा पुढे ढकलण्याचे काम करते आणि प्रसंगाला मुकेपणाची उसंत क्वचितच मिळते. शब्दावाचून आपल्याला धीर धरवत नाही, हा आपला जुना स्वभाव येथेही दिसतो. २०२५ च्या जानेवारीत हा चित्रपट आपल्या चित्रपटगृहांत पुन्हा लागला. जिज्ञासूंनी या दृष्टीने तो अवश्य ऐकावा.

आता हिसाइशी. १९५० साली जन्मलेला हा संगीतकार १९८४ च्या ‘नाउसिका’पासून हायाओ मियाझाकी यांच्या चित्रपटांना संगीत देत आला. त्याच्या बाबतीत एक विलक्षण पुरावा उपलब्ध आहे. मियाझाकींच्या ‘लापुता’ या १९८६ च्या चित्रपटाची लांबी सुमारे दोन तास. मूळ संगीत सुमारे एका तासाचे. अमेरिकेतील आवृत्तीसाठी वितरकांना ही शांतता फार वाटली, तेव्हा हिसाइशीने स्वतःच ते संगीत नव्याने रचून वाढविले. चित्रे तीच, रचनाकारही तोच. पण दोन्ही आवृत्त्या लागोपाठ पाहिल्यास मूळ चित्रपटात आकाश मोठे वाटते. वाढविलेल्या संगीतात मुळीच गुण नाही असे नव्हे; त्याने प्रेक्षकाचे स्वतःचे काम मात्र हिरावून घेतले. रचलेल्या शांततेची किंमत काय, हे याहून स्पष्ट कोणी सांगू शकेल असे वाटत नाही.

त्याच्या ‘स्पिरिटेड अवे’ (२००१) या चित्रपटात पाण्यावरून जाणाऱ्या आगगाडीचा प्रसंग आहे. लहान मुलगी बाकावर बसली आहे. सावल्यांसारखे उतारू चढतात, उतरतात. बोलणे जवळजवळ नाहीच. पियानोचे मोजके स्वर येतात, थांबतात, पुन्हा येतात. ते मुलीच्या दुःखाचे वर्णन करीत नाहीत. तिच्या शेजारी बसून राहतात. श्रावणात कामशेत-वडगावच्या भरलेल्या भातखाचरांमधून ज्याने लोकलचा प्रवास केला आहे, त्याला हे दृश्य परक्या देशाचे वाटणार नाही. दोष काढायचाच तर असा की, हिसाइशीला आपल्या चालीचा मोह पडतो. कित्येक ठिकाणी तीच चाल शेवटी मोठ्या वाद्यवृंदानिशी परत येते आणि प्रेक्षकास ‘आता रडा’ असा हुकूम सोडते.

हा दोष कावाईत नाही. मामोरू ओशी यांच्या ‘घोस्ट इन द शेल’ (१९९५) या चित्रपटात यंत्रदेह लाभलेल्या स्त्रीची कथा आहे. अशा कथेस यंत्राचे संगीत द्यावे हे कोणासही सुचेल. कावाईने दिले प्राचीन यामातो भाषेतील विवाहगीत, जपानी लोकगायिकांच्या कंठातून आणि बल्गेरियाच्या लोकगायनाच्या धाटणीने. भावी काळातील नगरावर पाऊस पडत आहे, कालव्यातून नाव चालली आहे आणि वर हे पुरातन स्वर. संवाद एकही नाही. देह यंत्राचा झाला तरी आत्मा कोठून आला, हा प्रश्न शब्दांत न विचारता येथे विचारला गेला आहे. ‘अकिरा’ (१९८८) या चित्रपटास शोजी यामाशिरो आणि त्याच्या गायकसमूहाने दिलेले संगीत याच वाटेचे. गामेलानची वाद्ये, बौद्ध पठण आणि नोह नाट्याचे स्वर यांतून ते उभे राहिले; मात्र त्याची भव्यता कधी कधी चित्रालाच दडपून टाकते.

विद्यार्थ्यांच्या पसंतीत योको कान्नोचे स्थान फार वरचे. ‘काउबॉय बिबॉप’ (१९९८) या मालिकेसाठी तिने जॅझ आणि ब्लूज अशा तयारीने हाताळले की, तिच्या रचना ऐकून दिग्दर्शक वातानाबे यांनी काही प्रसंगच त्यांवरून बांधले. संगीत चित्राच्या मागे न चालता पुढे चालल्याचे हे उदाहरण ‘पार्श्वसंगीत’ या शब्दासच आव्हान देते. तिच्या बुद्धीविषयी शंका नाही. परंतु दहा शैलींत लीलया वावरणाऱ्या कलावंताची स्वतःची वाणी कोणती, हा प्रश्न उरतो. अनुक्रम लावावयाचा झाल्यास कावाईस प्रथम, हिसाइशीस द्वितीय आणि कान्नोस त्यानंतरचे स्थान द्यावे लागेल. यावर तरुण वाचक रागावतील. त्यांनी अवश्य रागवावे. पण कारणे देऊन, आणि मराठीत.

आवड निर्माण होण्यास शिक्षण लागत नाही. आवडीचे रसिकतेत रूपांतर होण्यास मात्र ते लागते. आपल्या मुलांची आवड परदेशी आहे ही चिंतेची गोष्ट नव्हे. ती मुकी राहिली तर ती चिंतेची गोष्ट होईल. कारण जिच्याविषयी घरात बोलता येत नाही ती आवड वयाबरोबर गळून पडते आणि मागे नुसते कोलाहलाचे व्यसन राहते. वडिलांनी एका संध्याकाळी दिवाणखान्यात मुलांशेजारी बसून पाण्यावरून जाणारी ती आगगाडी पाहावी, आणि मुलांना देसायांचा तो सात मिनिटांचा बालपट दाखवावा. दोन्ही ठिकाणी सूर कोठे थांबला, तेवढे एकमेकांस विचारावे. मराठीत या संगीताची समीक्षा सुरू व्हावयाची असेल तर ती अशा प्रश्नापासूनच होईल.