जुने शैक्षणिक सॉफ्टवेअर आणि ‘एकोनेट’ : जतनाच्या कल्पनेची चिकित्सा

प्रस्तावना :

१९८० च्या दशकातील शालेय संगणक आज संग्रहालयांत पोहोचले आहेत. इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्क येथील संगणक संग्रहालयात बीबीसी मायक्रो संगणकांची वर्गखोली मांडण्यात आली आहे. अनेक हौशी अभ्यासक ‘एकोनेट’ हे जुने संगणकजाल दुरुस्त करून त्यावर त्या काळचे शैक्षणिक सॉफ्टवेअर चालवितात. या प्रयत्नांचे मोल वादातीत आहे. तथापि सॉफ्टवेअर पडद्यावर चालू झाले म्हणजे त्याचे शैक्षणिक स्वरूपही जतन झाले, हे गृहीतक तपासून पाहणे आवश्यक ठरते.

तांत्रिक बाजू :

एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो डिसेंबर १९८१ मध्ये बाजारात आला. त्याच्या ‘मॉडेल बी’ची स्मृती अवघी ३२ किलोबाइट होती. डिस्क ड्राइव्ह आणि प्रिंटर महाग असल्याने ते अनेक संगणकांनी वाटून घ्यावेत, हा एकोनेटचा मुख्य हेतू होता. एकाच केबलवर सर्व संगणक जोडले जात, प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक असे आणि फाइल सर्व्हर सर्वांना फाइली पुरवीत असे.

मात्र कॅसेट अथवा डिस्कसाठी लिहिलेले प्रत्येक सॉफ्टवेअर या जालावर चालतेच असे नाही. डिस्क किंवा नेटवर्कची फाइलव्यवस्था स्मृतीचा काही भाग स्वतःकडे राखून ठेवते. त्यामुळे कॅसेटवरील मोठ्या आज्ञावलीला जागा अपुरी पडते. नक्कल रोखण्यासाठी डिस्कवरील मजकूर थेट वाचणारी आज्ञावली फाइल सर्व्हरवरून चालू शकत नाही. अशा वेळी मूळ आज्ञावलीत फेरफार करावा लागतो. म्हणजे जतन करणारा येथे काही अंशी संपादकही होतो. त्याने केलेले बदल नोंदविले नाहीत, तर पुढील अभ्यासकास मूळ व सुधारित पाठ यांतील भेद कळणार नाही.

शैक्षणिक बाजू :

याहून मूलभूत प्रश्न वर्गरचनेचा आहे. ब्रिटिश सरकारने १९८१ मध्ये माध्यमिक शाळांना आणि १९८२ मध्ये प्राथमिक शाळांना संगणक खरेदीसाठी निम्मे अर्थसाहाय्य देऊ केले. परिणामी पुष्कळ प्राथमिक शाळांत एकच संगणक होता. माइक मॅटसन यांचे ‘ग्रॅनीज गार्डन’ (१९८३) हे कोडी सोडविण्याचे सॉफ्टवेअर याच परिस्थितीत वापरले गेले. एका पडद्याभोवती मुले जमत, वाद घालीत आणि मग उत्तर टंकित करीत. अध्यापनाचा गाभा त्या चर्चेत होता. यंत्र निमित्तमात्र होते. आज हेच सॉफ्टवेअर जालावरील प्रत्येक संगणकावर एकेका प्रेक्षकापुढे ठेवल्यास ते बाळबोध वाटते. हा दोष सॉफ्टवेअरचा नसून मांडणीचा होय.

याउलट जालामुळे शिक्षकाच्या हाती नवे अधिकार आले. एकोनेटवरील ‘व्ह्यू’ या आज्ञेने दुसऱ्या संगणकाचा पडदा पाहता येई, तर ‘नोटिफाय’ने त्यावर संदेश पाठविता येई. पर्यवेक्षणाची ही पद्धत एकट्या संगणकावर किंवा एम्युलेटरवर सुट्या आज्ञावलीच्या रूपात अनुभवास येत नाही. त्यासाठी जाल उभे करावे लागते. सारांश, कोणते सॉफ्टवेअर जालावर आणि कोणते एकाच यंत्रावर दाखवावे, हा निर्णय तांत्रिक नसून शैक्षणिक आहे.

भारतीय संदर्भ :

हा विचार भारतालाही लागू पडतो. १९८४-८५ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या शालेय संगणक साक्षरता प्रकल्पात बीबीसी मायक्रो हेच यंत्र वापरले गेले. या यंत्रांचे जतन करावयाचे झाल्यास यंत्राइतकेच महत्त्व तत्कालीन वेळापत्रके, शिक्षकांची टिपणे आणि एका संगणकामागील विद्यार्थिसंख्या यांना द्यावे लागेल. त्या शिक्षकांच्या मुलाखती घेण्याचे काम महाविद्यालयांतील शिक्षणशास्त्र व संगणकशास्त्र विभागांना संयुक्तपणे हाती घेता येईल. यंत्र कालांतरानेही दुरुस्त होऊ शकते. माणसांच्या आठवणींना तशी सवड नसते.

निष्कर्ष :

शैक्षणिक सॉफ्टवेअर हा स्वयंपूर्ण पाठ नसून शिक्षक, विद्यार्थी आणि यंत्र यांच्यातील व्यवहाराचा एक घटक आहे. तो व्यवहार नोंदविल्याशिवाय केवळ आज्ञावली चालविणे म्हणजे नाटकाची संहिता जपून प्रयोगाची परंपरा गमावण्यासारखे आहे.