हंसण्यावारीं नेलेला पक्षी

डग्लस ॲडम्स व मार्क कारवर्डिन यांच्या ‘लास्ट चान्स टु सी’ या १९९० सालच्या प्रवासग्रंथांतील काकापोवरील प्रकरण अत्यंत वाचनीय आहे, हें आम्ही आरंभींच मान्य करतों. न्यूझीलंडमधील हा निशाचर पोपट उडत नाहीं. मादीला बोलावण्यासाठीं नर जमिनींत खळगा करून रात्रभर घुमतो. आणि संकट आलें कीं पळण्याऐवजीं जागच्या जागीं स्तब्ध होतो. अशा पात्रावर विनोदी लेखणी लुब्ध न झाली तरच नवल!

परंतु जेथें शत्रु आकाशांतून, केवळ दृष्टीच्या बळावर येई, तेथें निश्चल राहणें हेंच शहाणपण होतें. वासावर शिकार करणारे मांजर, उंदीर व मुंगसासारखे स्टोट माणसानें आणले. लेखकांस हें ठाऊक आहे, ते तें सांगतातहि. पण वाचकाच्या स्मरणांत राहतें तें पक्ष्याचें बावळेपण. हंसावयाचेंच तर माणसाला हंसावें. रिचर्ड हेन्रीनें १८९४ पासून शेंकडों काकापो व किवी रेझोल्यूशन बेटावर नेऊन ठेविले; सशांच्या बंदोबस्तासाठीं देशांत आणलेले स्टोट १९०० च्या सुमारास तेथें पोहत जाऊन पोंचले.

१९९५ सालीं उरलेल्या ५१ पक्ष्यांचे २०२२ सालीं २५२ झाले, ते भक्षकमुक्त बेटांवर घरटीं राखून, पूरक अन्न देऊन, रिमू वृक्षाला दोन-चार वर्षांनीं येणाऱ्या बहराची वाट पाहून. अशा कंटाळवाण्या कामाशीं नातें सांगणारीं, कुत्रा घेऊन कॉडफिश बेटावर पक्षी हुडकणाऱ्या माणसाचीं पानें म्हणूनच आम्हांस सर्वांत अधिक आवडलीं.