रेसकोर्सवरची मैफल

बी.एड.च्या वर्गात आम्हांला भाषेची चार कौशल्ये शिकवली गेली : श्रवण, भाषण, वाचन, लेखन. त्यांतले पहिले शाळेत कोणी शिकवत नाही. 'गप्प बसा, नीट ऐका' एवढे सांगितले की श्रवण झाले, असे आम्ही मास्तर लोक धरून चालतो. वयाच्या पस्तिशीत हे कौशल्य आम्हांला पहिल्या इयत्तेपासून गिरवावे लागले, तेही महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर, 'गन्स एन रोझेस' या अमेरिकन रॉक बँडसमोर. तारीख १७ मे २०२५, शनिवार.

नेणारे मित्र लालबागचे, आमच्याहून दहा वर्षांनी वडील. त्यांचे वडील गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर त्यांची गिरणी सुटली ती सुटलीच. थोरल्या भावाने आणलेल्या कॅसेटींवर हे मोठे झाले. आम्ही त्यांना मुशायऱ्याला यायचे आमंत्रण देतो, ते आम्हांला रॉकचे. "मास्तर, एकदा समोर उभे राहून ऐका, मग खुशाल फतवा काढा," असे ते म्हणाले. असले विनोद आमच्या दोघांत चालतात. तिकीटही त्यांनीच काढले; किंमत कळल्यावर आम्ही घरी सांगितली नाही.

मौसिकी जायज की नाजायज, हा वाद आमच्या स्टाफरूममध्ये वर्षातून दोनदा तरी होतो. तो मिटवण्याची आमची पात्रता नाही. मात्र इमाम गजाली यांनी 'इह्या'मध्ये समाच्या आदाबविषयी लिहिताना हजरत जुनैद बगदादींचे एक म्हणणे नोंदवले आहे : समाला तीन गोष्टी लागतात, जमान, मकान आणि इखवान. योग्य वेळ, योग्य जागा, योग्य सोबती. सूफींच्या मजलिसीसाठी सांगितलेली ही कसोटी गिटारवाल्यांना लावणे कोणाला धाडसाचे वाटेल. पण समीक्षेला याहून चांगली फूटपट्टी आम्हांला मिळाली नाही.

आधी मकान. रेसकोर्सच्या समोर समुद्रात हाजी अलीचा दर्गा. आम्ही तिथे मगरिब अदा केली, तोवर मित्र नाक्यावर फ्रूट क्रीम खात थांबले. मग दोघे आत शिरलो. सव्वादोनशे एकरांच्या त्या मैदानात आम्ही जिथे उभे होतो तिथून गायक बोटाएवढा दिसत होता. बाकी सगळे पडद्यावर. हजारो रुपये मोजून माणूस समोर येतो आणि पडदाच बघतो, ही गोष्ट आम्हांला शेवटपर्यंत पचली नाही.

मित्रांना राहून राहून रंगभवन आठवत होते. धोबी तलावला, गिरगावच्या वेशीवर, सेंट झेवियर्स कॉलेज आणि कामा हॉस्पिटल यांच्या शेजारचे हे खुले नाट्यगृह. १९७८ ची पहिली जॅझ यात्रा तिथे झाली. १९८६ पासून 'इंडिपेन्डन्स रॉक' तिथे गाजले. लालबाग-परळची पोरे तिथे पुढे घुसून वादकाची बोटे बघत. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालय यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र ठरला, आणि रंगभवन मुके झाले. आजारी माणसाच्या झोपेविरुद्ध आम्ही बोलणार नाही. पण त्या बदल्यात तशी दुसरी स्वस्त जागा शहराने दिली नाही, ही तक्रार खरी आहे. (त्याच रंगभवनच्या गल्लीत २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री करकरे, कामटे, साळसकर शहीद झाले. आम्हांला ती गल्ली तेवढ्यासाठीच ठाऊक होती.)

आणि हाच तो इलाखा, जिथे शाहीर अमर शेख गिरणी कामगारांसमोर गायले. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. १९४४ साली अण्णा भाऊ साठे आणि गवाणकरांसह त्यांनी लाल बावटा कलापथक काढले, पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गाजवल्या. त्या श्रोत्याच्या खिशाकडे कोणी पाहिले नाही. गाणे आपल्याविषयी आहे, हे त्याला सांगावे लागत नव्हते.

आता जमान. अ‍ॅक्सल रोझ यांचा जन्म १९६२ चा. १९८७ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतला तो चिरत जाणारा वरचा सूर आता पातळ झाला आहे. ओळीच्या शेवटी दम पुरत नाही. मित्र हळहळले. आम्हांला आवाज थकल्याचे दुःख नव्हते. आम्ही म्हातारे कव्वाल ऐकले आहेत : ते स्वर खाली घेतात, वरची तान पोरांच्या हवाली करतात आणि स्वतः फक्त शब्द ठेवून देतात. रोझ कोणाच्या हवाली काही करत नाहीत. त्रेसष्टाव्या वर्षी पंचविशीशी झुंजतात. यातली जिद्द दिसते, पण गाण्याचे नुकसान होते.

स्लॅश यांच्या गिटारीचे मात्र तसे नाही. प्रामाणिकपणे सांगायचे तर पहिला अर्धा तास आम्हांला गोंगाटच ऐकू आला. ढोलाचा ठोका कानाआधी छातीत पोहोचत होता. मग 'नोव्हेंबर रेन' सुरू झाले. १९९१ ची, जवळजवळ नऊ मिनिटांची ही रचना. रोझ पियानोवर बसले, गाणे बराच वेळ संथ चालले, आणि शब्द थांबल्यावर गिटार बोलू लागली. आमची समजूत अशी की रॉकची गिटार म्हणजे घाई. इथे एकेक स्वर ओढून, थोडा वाकवून, त्याची थरथर संपेपर्यंत धरून ठेवला होता. चांगला शायर मिसरा-ए-ऊला म्हणून थांबतो, दुसरा मिसरा आपल्याला ठाऊक असूनही आपण श्वास रोखतो, तसे झाले. इंग्रजी शब्द आम्हांला निम्मे कळले होते. इथे त्यांची गरज उरली नाही.

तोंडून 'मुकर्रर' निघून गेले. शेजारच्या पोराने वळून पाहिले.

उणीव नेमकी तिथे आहे. मुशायऱ्यात दाद मिळाली की शायर मिसऱ्याकडे परत येतो. कव्वाल तर ज्या ओळीवर कोणाला हाल येतो त्या ओळीवर थांबून राहतो. मैफलीचा निम्मा रचनाकार श्रोता असतो. रेसकोर्सवरच्या हजारोंना प्रत्येक शब्द पाठ होता, ते गळा फाडून गातही होते. पण त्यांनी मागितले म्हणून कुठली ओळ परत आली नाही. सगळा प्रवाह मंचाकडून खाली, खालून वर फक्त मोबाइलचे दिवे.

आणखी एक हिशेब. याच मंडळींनी १९८८ मध्ये 'वन इन अ मिलियन' नावाचे गाणे काढले होते. त्यात स्थलांतरितांना, काळ्यांना आणि समलिंगींना हिणवले होते. स्लॅश यांची आई कृष्णवर्णीय, हे विशेष. २०१८ च्या पुनर्प्रकाशनातून ते गाणे गुपचूप वगळले गेले. 'बाहेरचे' म्हणून हिणवले जाणे काय असते, हे आम्हां वाचक-लेखकांना कोणी समजावायला नको. वाद्य आवडले म्हणून हे विसरावे, असे आम्हांला वाटत नाही.

राहिले इखवान. 'पॅराडाइज सिटी' संपल्यावर आम्ही महालक्ष्मी स्टेशनवरून सात रस्त्याकडे चालत निघालो. कान बधिर होते, म्हणून दोघे मोठ्याने बोलत होतो. मग मित्रांनी आवाज उतरवला. "ते पावसाचे गाणे मी जानेवारी त्र्याण्णवमध्ये पाठ केले. बाहेर कर्फ्यू होता. भाऊ म्हणाला, कॅसेट लाव, बाहेरचे ऐकू येऊ नये."

आम्ही तेव्हा तीन वर्षांचे, मदनपुऱ्यात. लालबागपासून पायी अर्ध्या तासावर. अम्मी सांगते, खिडक्यांना रजया लावल्या होत्या आणि आम्ही रडलो की ती तोंडावर हात ठेवायची. हे आम्ही मित्रांना कधी सांगितले नव्हते. त्या रात्री सांगितले.

"तुमच्याकडे कॅसेट नव्हती?" त्यांनी विचारले.

"नव्हती, दादा."

सात रस्त्याला ते चिंचपोकळीच्या दिशेने वळले. चार पावले जाऊन परत आले आणि मुशायरा कोणत्या महिन्यात असतो, ते विचारून गेले.