अर्जुनाचा नकार आणि विनोबांची कसोटी : ‘गीता प्रवचने’च्या पहिल्या अध्यायाचे एक वाचन

‘गीता प्रवचने’ची चर्चा मराठीत बहुधा भक्ती, निष्काम कर्म आणि भाषेचा साधेपणा या अंगांनी होते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात विनोबांनी दर रविवारी दिलेल्या व साने गुरुजींनी टिपून घेतलेल्या या अठरा प्रवचनांपैकी पहिले मात्र आणखी एका प्रश्नाच्या दृष्टीने वाचता येते. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून युद्धाला दिलेला नकार खरा केव्हा मानावा, हा तो प्रश्न होय. देवळालीची तोफखाना शाळा, डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्ये स्थापन केलेले भोसला मिलिटरी स्कूल आणि सावरकरांचे भगूर ज्या नाशिक परिसरात आहे, तेथे हा प्रश्न काहीसा विजोड वाटेल. पण धुळे येथून दूर नाही.

अर्जुन अहिंसावादी झाला होता, हे विनोबांना मान्य नाही. ते एका न्यायाधीशाचा दृष्टान्त देतात. शेकडो गुन्हेगारांना फाशी देणाऱ्या या न्यायाधीशापुढे स्वतःचा मुलगा आरोपी म्हणून उभा राहतो, आणि त्याला एकाएकी देहान्तशासन अमानुष वाटू लागते. अर्जुनाचेही तसेच झाले. यापूर्वी त्याने अनेक लढाया केल्या होत्या. समोर स्वजन दिसताच त्याला युद्धाचे दोष सुचले. विशेष म्हणजे हे दोष खोटे आहेत, असे विनोबा म्हणत नाहीत. त्यांचा आक्षेप एवढाच, की ते विचार अर्जुनाचे स्वतःचे नव्हते. याला ते संहितेतूनच पुरावा देतात : युद्ध मुळातच पाप आहे काय, या शंकेचे उत्तर गीतेत कोठेही मिळत नाही, तरीही अर्जुनाचे समाधान होते; म्हणजे ती त्याची खरी शंका नव्हती. टीकाग्रंथांच्या गर्दीत इतका नेमका युक्तिवाद क्वचित आढळतो.

पश्चिमेकडील न्यायाधिकरणांनी हीच परीक्षा उलट्या बाजूने घेतली. ब्रिटनच्या १९१६ च्या सक्तीच्या सैन्यभरतीच्या कायद्यात विवेकाच्या आधारे सूट मागण्याची तरतूद होती. अर्जदाराला हमखास विचारले जाई : जर्मन सैनिक तुझ्या आईवर किंवा बहिणीवर चालून आला तर काय करशील? ‘लढेन’ म्हणणाऱ्याचा नकार संशयास्पद ठरे. स्वजनांसाठी शस्त्र उचलणारा तेथे अपात्र, तर स्वजनांसाठी शस्त्र टाकणारा विनोबांकडे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये जिलेट खटल्यात सूट केवळ सर्वच युद्धांना विरोध असणाऱ्यास दिली. त्या न्यायाने अर्जुनाचा अर्ज फेटाळलाच गेला असता.

तथापि विनोबांची कसोटी हेतू तपासते आणि त्यासाठी तिला पूर्वेतिहास लागतो. न्यायाधीशामागे शेकडो निकाल आहेत, अर्जुनामागे लढाया आहेत. अठरा वर्षांच्या मुलामागे काय असते? १९६३ ते १९६८ या काळात आपल्या महाविद्यालयांत एन.सी.सी. सक्तीची होती. कवायतीला तत्त्वतः नकार देणारा विद्यार्थी समोर आला असता, तर केवळ आळस म्हणून तो प्रश्न निकालात निघाला असता, अशी शंका येते. राज्यघटनेच्या कलम २३(२) ने सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा लादण्याचा राज्याचा अधिकार राखून ठेवला आहे. सक्तीची सैन्यभरती झाली नाही, म्हणून विवेकाचा हा पेच आपल्याकडे न्यायालयांपर्यंत आला नाही, इतकेच. शिवाय आसक्तीतून जागा झालेला विवेक हा विवेकच नव्हे, हे गृहीतक प्रस्तुत लेखकास पटत नाही. युद्धाचे पाप अनेकांना प्रथम कळते ते घरी तार आल्यावर. न्यायाधीशाचा मुलगा सुटल्यानंतर त्याचे मत टिकते का, हे विनोबांनी पाहायला हवे होते. दृष्टान्त त्याआधीच थांबतो.

विनोबा स्वतः मात्र या कसोटीस उतरले. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथे पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून त्यांनी युद्धविरोधी भाषण केले. त्यांच्यावर भरतीचा हुकूम आलेला नव्हता. भारतीय सैन्यात त्या काळी भरती ऐच्छिक होती. सूट मागण्याचा प्रश्नच नव्हता. या सत्याग्रहाच्या पद्धतीप्रमाणे अधिकाऱ्यांना आगाऊ कळवून बोलायचे व शिक्षा पत्करायची होती. घोषणेचे दोन भाग होते : ब्रिटिशांच्या युद्धप्रयत्नांना मदत करणे गैर, आणि सर्वच युद्धांचा प्रतिकार अहिंसेने करावा. काँग्रेसमधील बहुतेकांना यातील पहिलाच भाग मनापासून मान्य होता. जुलै १९४० मध्ये स्वातंत्र्याच्या अटीवर सहकार्य देऊ करणारी हीच संघटना होती. गांधीजींनी १९१८ मध्ये खेड्यात, म्हणजे गुजरातेतील खेडा जिल्ह्यात, सैन्यभरतीसाठी प्रचार केला होता, हेही येथे नोंदवले पाहिजे. दोन्ही भाग ज्याचे स्वतःचे होते असा माणूस पहिला निवडला गेला. दुसरे सत्याग्रही पंडित नेहरू यांचा विरोध सर्व युद्धांना नव्हता; जिलेट खटल्याच्या भाषेत त्यांचा नकार निवडक होता. विनोबांना तीन महिन्यांची शिक्षा झाली, नेहरूंना चार वर्षांची.