आवाहन ते निर्णय : शस्त्रबंदीच्या ठरावांची भाषा

दक्षिण आफ्रिकेवरील शस्त्रबंदीविषयी लिहिताना आपल्याकडे नैतिक विजयाचा सूर पटकन लागतो. ते ठराव साहित्यकृतीसारखे शब्दागणिक वाचले, तर तो सूर टिकत नाही.

७ ऑगस्ट १९६३ रोजी सुरक्षा परिषदेने संमत केलेला ठराव १८१ शस्त्रविक्री ताबडतोब थांबवण्याचे ‘आवाहन’ करतो. ब्रिटन आणि फ्रान्स मतदानात तटस्थ राहिले. आवाहन कुणाला बांधत नाही, हे फ्रान्सने नेमके ओळखले. त्याची मिराज विमाने जातच राहिली. ब्रिटनमध्ये विल्सन सरकारने १९६४ मध्ये बंदी जाहीर केली, पण १६ बकॅनिअर विमानांचा आधीचा सौदा पुरा केला. १९७१ मध्ये हीथ सरकारने वास्प हेलिकॉप्टरे द्यायचे ठरवले, ते १९५५ च्या सायमन्सटाउन कराराकडे बोट दाखवून. (शस्त्रे विकायची असली की दिल्या शब्दाचे पावित्र्य हमखास आठवते.)

४ नोव्हेंबर १९७७ चा ठराव ४१८ मात्र ‘निर्णय’ घेतो. सनदेच्या सातव्या प्रकरणाखाली एखाद्या सदस्य राष्ट्रावर लादलेली ही पहिली सक्तीची बंदी. ती एकमताने झाली. भारतही तेव्हा परिषदेवर होता. मागे १९७६ चे सोवेटो होते आणि दोनच महिन्यांपूर्वी कोठडीत झालेला स्टीव्ह बिको यांचा मृत्यू. पण हे एकमत कशावर झाले? चारच दिवस आधी अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स यांनी अधिक कडक मसुदे नकाराधिकाराने पाडले होते. त्या तडजोडीचा सांधा वाक्यरचनेत उघडा पडतो. शांततेला धोका कशाचा, तर दक्षिण आफ्रिकेने शस्त्रे मिळवण्याचा. तिथल्या सरकारची धोरणे आणि कृत्ये ‘लक्षात घेऊन’ अशा गौण पदबंधात येतात. वर्णद्वेषी राजवट हाच धोका, असे मुख्य वाक्य म्हणत नाही. शस्त्रनिर्मितीचे चालू परवाने रद्द करण्याच्या दृष्टीने फक्त तपासायचे होते. १९८४ चा ठराव ५५८ आणि १९८६ चा ५९१ ही या भोकांवर मागाहून लावलेली ठिगळे.

या काळात आर्मस्कॉर फोफावली, १५५ मिलिमीटरची जी-५ तोफ घरच्या घरी तयार झाली, म्हणून काही अभ्यासक बंदीला फसलेली म्हणतात. मला ते अर्धेच पटते. १९८७-८८ मध्ये अंगोलाच्या आकाशात जुनी मिराज सोव्हिएत मिगपुढे तोकडी पडत होती, आणि पडलेल्या विमानाच्या जागी नवे विमान विकायला कुणी उघडपणे तयार नव्हते.