दोन तांबे कढत पाणी

बर्फावरचे सिनेमे मी शाल पांघरून पाहतो. बाहेर ऊन मी म्हणत असलं तरी! परवा ‘द रेड टेंट’ पाहताना मात्र शेवटाला शाल काढावी लागली. घाम फुटला होता.

चित्रपट १९६९ चा, दिग्दर्शक मिखाईल कलातोझोव्ह. गोष्ट खरी. मे १९२८ मध्ये उत्तर ध्रुवावरून परतताना जनरल नोबिले यांचं ‘इटालिया’ हे वायुजहाज बर्फावर आपटलं. वाचलेल्यांनी तांबड्या तंबूत आसरा घेतला. महिन्याभरानं एक स्वीडिश वैमानिक तिथं उतरला आणि पहिल्याच खेपेला कुणाला घेऊन गेला? खुद्द जनरलसाहेबांना! शिवाय त्यांच्या कुत्रीला! मागे पाच जण राहिले. त्यांना जुलैत रशियन बर्फफोड्या जहाजानं सोडवलं. नोबिलेंच्या शोधात निघालेला आमुंडसेन मात्र परतलाच नाही. आणि दोघांचं आधी चांगलंच बिनसलेलं होतं बरं का!

चित्रपटात म्हातारे नोबिले रोममधल्या घरी झोपेविना तळमळताहेत आणि ही सगळी जुनी मंडळी दिवाणखान्यात जमून त्यांच्यावर खटला चालवते. मधली प्रेमकथा मला भरतीची वाटली. क्लॉडिया कार्डिनाले दिसते छान, पण बर्फाला तिची गरज नव्हती. शेवट मात्र बावनकशी.

आधी का निघालात? नोबिलेंकडे कारणं भरपूर. पाय मोडलेला, वैमानिकाचा आग्रह, बाहेर जाऊन सुटकेची सूत्रं हलवायची... एकही खोटं नाही. पण शेवटी आमुंडसेनपुढे ते कबूल करतात, की तेव्हा मनात आली होती गरम पाण्याची अंघोळ!

दुसऱ्या कुणी इथं राष्ट्राचा झेंडा फडकवला असता. कलातोझोव्हनं अंघोळीचं पाणी काढलं. भ्याडपणा, विश्वासघात असले भारदस्त गुन्हे आपल्याला परवडत नाहीत. हा मात्र थेट आमच्या मापाचा.

वडील दवाखान्यात होते, तेव्हाची गोष्ट. रात्रभर उशाशी बसलो. पहाटे ‘डबा घेऊन येतो’ म्हणून सटकलो. डबा बहीण आणणारच होती. मला दिसत होता घरचा बंब आणि त्यातलं वाफाळतं पाणी! दोन तांबे म्हणता म्हणता बादली संपवली. परतलो, तर वडील एकटेच, हात लांबवून पाण्याचा पेला गाठायची खटपट करत होते. मी ट्रॅफिक, रिक्षा, डबा अशी कारणं सुरू केली. त्यांनी पेला संपवला आणि म्हणाले, “साबणाचा वास छान येतोय. बरं केलंस.”

नोबिले १९७८ पर्यंत, त्र्याण्णव वर्षं जगले. खऱ्या आयुष्यात त्यांना ‘बरं केलंस’ म्हणायला आमुंडसेन उरला नव्हता. कलातोझोव्हनं त्याला तेवढ्यासाठी बर्फातून परत आणलं. चित्रपटानं याहून जास्त काय करायचं असतं?