यन्नाई कवीचीं त्रुटित हिब्रू स्तोत्रें आणि पाठपूरणाची मर्यादा

जीर्ण पोथी जलांत सोडण्याची आपल्याकडील चाल ज्यांना सलते, त्यांनीं यहुदी लोकांचा प्रघात लक्षांत घ्यावा. ईश्वराचें नांव असलेलें पत्र नष्ट करूं नये, या समजुतीनें फुस्तात (जुनें कैरो) येथील बेन एझ्रा प्रार्थनामंदिरांत जीर्ण लेख एका कोठडींत टाकीत. तेथून १८९६-९७ सालीं सॉलोमन शेख्टर यांनीं केंब्रिजला नेलेले तुकडे दीड लाखांहून अधिक भरतात. सहाव्या शतकाच्या सुमाराचा पॅलेस्टाइनचा स्तोत्रकार यन्नाई याचें बहुतेक काव्य या कोठडींतील पत्रांतूनच पुन्हां हातीं आलें.

कांहीं चर्मपत्रांवर खालीं पुसट ग्रीक व वर हिब्रू, अशीं दोन लेखनें होतीं. ग्रीक मजकूर अक्विलाच्या बायबल-भाषांतराचा निघाला. बर्किट यांनीं १८९७ त व टेलर यांनीं १९०० त तो छापला. वरचें हिब्रू, जें उघड्या डोळ्यांना दिसतें, तें यन्नाईचें म्हणून प्रसिद्ध व्हावयास डेव्हिडसन यांचा १९१९ चा ग्रंथ यावा लागला! पुसलेलें तेवढेंच मौल्यवान, ही समजूत आमच्याही संग्राहकांत कमी नाहीं. पुढें झुलाई यांनीं विखुरलेलीं पत्रें जुळवून १९३८ त बर्लिन येथें मोठा संग्रह काढला. त्याच वर्षाअखेर ती शॉकेन प्रकाशनसंस्था बंद पाडण्यांत आली. राबिनोविट्झ यांची सटीक आवृत्ति १९८५-८७ ची.

आतां पाठाविषयीं. यन्नाईच्या स्तोत्रमालेंत पहिलीं दोन पद्यें मिळून वर्णमाला पुरी होते, व तिसऱ्यांत चरणांच्या आद्याक्षरांनीं कवीचें नांव उमटतें. शिवाय अंत्ययमक नियमानें योजणाऱ्या हिब्रू कवींत तो अग्रणी गणला जातो. म्हणून पत्र फाटलें तरी किती चरण गेले, त्यांचा आरंभ कोणत्या वर्णानें व शेवट कोणत्या नादानें होता, हें सांगतां येतें. चित्रकाव्याला अधम म्हणणाऱ्या आमच्या आलंकारिकांनीं हा उपयोग पाहिला नव्हता. परंतु मोह येथेंच आहे. दोन्ही टोकें हातीं आलीं म्हणजे मधले शब्द बसविणें विद्वानास सोपें वाटतें. आणि कवि तर नेमका त्या मधल्या भागांतच असतो. उत्पत्तीच्या २९ व्या अध्यायांतील नावडत्या लेआवरील स्तोत्रांत तो तिचे अधू डोळे बायझंटाइन सत्तेखालीं द्वेषाला पात्र झालेल्या आपल्या समाजाचे डोळे करून टाकतो. आद्याक्षर व यमक एवढ्यावरून ही कल्पना कोणत्या पंडितानें पुरविली असती?

यास्तव चरणसंख्या व यमक एवढें नोंदवून बाकीची जागा बिंदूंनीं मोकळी ठेवावी. पूरण करणेंच झाल्यास तें टीपेंत असावें, मूळ पाठांत कंसांतही नको. कारण पुढचा नकलनवीस कंस गाळतो, हें आपल्या बखरींच्या प्रती चाळणारांस सांगावयास नको.